पुरे कोठे म्हणावे?

वाचकहो, घरातील एखादी वस्तू नीट चालत असताना तिच्याहून चांगली वस्तू आणावी असे मनात आले, तर त्या इच्छेला काय नाव द्यावे? आपण तिला कधी रसिकता म्हणतो, कधी हव्यास म्हणतो. आणि बहुधा स्वतःच्या इच्छेला पहिले नाव देतो व शेजाऱ्याच्या इच्छेला दुसरे. या दोहोंमधील सीमारेषा खरोखर कोठे आहे, याचा विचार मी गेली काही वर्षे एका लहानशा यंत्राच्या निमित्ताने करीत आलो आहे. ते यंत्र म्हणजे तबकड्या वाजवण्याचे टर्नटेबल.

विषय क्षुल्लक वाटेल. परंतु आपल्या विवेकाची परीक्षा मोठ्या प्रसंगांपेक्षा अशा किरकोळ खरेदीतच अधिक वेळा होत असते. शिवाय तबकड्यांचा हा छंद आता पुन्हा घराघरांत शिरू लागला आहे. १९८२ साली सीडी आली तेव्हा तबकडीचे दिवस संपले असे सर्वांनी गृहीत धरले होते. तरीही अमेरिकेत २०२० साली तबकड्यांच्या विक्रीचे उत्पन्न १९८६ नंतर प्रथमच सीडीच्या उत्पन्नाच्या पुढे गेले. आपल्याकडेही मुंबईच्या चोरबाजारात किंवा कोलकात्याच्या फ्री स्कूल स्ट्रीटवर जुन्या तबकड्या चाळणारे तरुण दिसतात. आपल्यापैकी कित्येकांच्या माळ्यावर वडिलांच्या काळातील एखादी पेटी अजून असेलच.

माझ्या वडिलांची अशी पेटी होती. रेल्वेच्या नोकरीत बिलासपूरला आयुष्य गेले. महाराष्ट्र दूर होता, म्हणून मराठी सूर त्यांनी पेटीत साठवले. बालगंधर्वांच्या लाखेच्या काही तबकड्या, नाट्यगीते व भावगीते, शास्त्रीय गायनाच्या काही एल.पी. आणि हॅन्डेलच्या 'मसीहा'चा एक संच, अशा साठएक तबकड्या त्यांनी मागे ठेवल्या. ते गेल्यावर आईला त्या ऐकवाव्यात म्हणून मी एक वादनयंत्र आणले. बाजारातील सर्वांत स्वस्त, सुटकेससारखे उघडणारे, आतच लहान स्पीकर असलेले. 'आपल्याला कोठे मोठे रसिक म्हणवून घ्यायचे आहे?' असे मी मोठ्या नम्रतेने म्हणालो आणि चार पैसे वाचवल्याचे समाधान मानले.

तीन-चार महिन्यांनी एक जाणकार स्नेही घरी आले. त्यांनी खिशातून एक छोटा काटा काढून त्यावर माझ्या यंत्राची सुई टेकवली. भार भरला सुमारे पाच ग्रॅम! आजच्या चांगल्या चुंबकीय कार्ट्रिजला दीड ते दोन ग्रॅम पुरतात. सुईचे टोक तबकडीच्या खाचेला जेथे स्पर्श करते तो भाग मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शात मोजावा इतका सूक्ष्म असतो. म्हणून दोन ग्रॅमचा भारही तेथे प्रचंड दाब निर्माण करतो. मग पाच ग्रॅमचे काय सांगावे! वीस मिनिटांच्या एका बाजूची खाच उलगडून सरळ केली तर ती सुमारे ४०० मीटर लांब भरेल. तेवढ्या वाटेवरून माझी स्वस्त सुई रोज नांगर धरून चालली होती. झिजलेली खाच कोणत्याही उपायाने भरून येत नाही.

त्या दिवशी मला पहिला धडा मिळाला. काटकसर हा सद्गुण आहे, पण ती कोणाच्या पदरचे खर्ची घालून केली आहे हे पाहिल्याखेरीज तिला सद्गुण म्हणता येत नाही. मी वाचवलेले पैसे वडिलांच्या तबकड्यांनी भरले होते. जी वस्तू आपल्याला मिळाली आहे आणि पुढेही जायची आहे, तिचे आपण मालक नसून कारभारी असतो. कारभाऱ्याला हव्यास शोभत नाही हे खरे. पण चिक्कूपणाही शोभत नाही. म्हणून 'पुरेसे' या शब्दाला खालूनही एक मर्यादा आहे, आणि तिच्याखाली जाणे हे साधेपणाचे लक्षण नव्हे.

ती खालची मर्यादा कोणती, हे नव्याने घेऊ इच्छिणाऱ्या वाचकांसाठी सांगतो. पहिली गोष्ट, कार्ट्रिज चुंबकीय असावी व तिची सुई बदलता यावी. कारण सुई झिजतेच. तिच्या घडणीप्रमाणे उत्पादक तिचे आयुष्य काहीशे ते हजार तास सांगतात. दुसरी गोष्ट, सुईचा भार योग्य असावा. तो कारखान्यातच बांधून दिलेला असो वा मागच्या वजनाने जुळवता येणारा असो. तिसरी, तबकडीची गती स्थिर असावी. एल.पी. मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. गती किंचित डगमगली तरी लांबवलेला सूर थरथरतो. चौथी गोष्ट फोनो प्रीअॅम्प्लिफायरची. चुंबकीय कार्ट्रिजमधून निघणारा संकेत व्होल्टच्या काही हजारांश इतकाच असतो. शिवाय तबकडी कोरताना खर्जाचे स्वर मुद्दाम दाबलेले व तारस्वर उचललेले असतात. ते पूर्ववत करण्याचे काम हे उपकरण करते. काही यंत्रांत ते आतच असते, काहींना वेगळे घ्यावे लागते.

ऑडिओ-टेक्निकाचे एटी-एलपी६०एक्स हे पट्ट्यावर चालणारे, आपोआप सुई टेकवणारे व उचलणारे यंत्र या अटी साध्या रीतीने पुऱ्या करते. त्यात भार जुळवण्याची सोय नाही, पण तो कारखान्यातून ठीक बांधून येतो. त्याच कंपनीच्या एलपी१२०एक्सवर भार जुळवता येतो व ७८ फेऱ्यांची गतीही मिळते. रेगाचे प्लॅनर १ हे हाताने चालवायचे, साधे व भक्कम यंत्र आहे. मी दुसरे घेतले, ते बालगंधर्वांसाठी. लाखेच्या जुन्या तबकड्यांची खाच एल.पी.च्या खाचेपेक्षा कितीतरी रुंद असते, एल.पी.ची सुई त्यात तळाशी घासत जाते. त्या यंत्राच्या व्हीएम९५ कार्ट्रिजचा देह तोच ठेवून पुढची सुई बदलता येते आणि ७८ च्या तबकड्यांसाठीही तिची एक वेगळी सुई मिळते. आईने तीन-तीन मिनिटांची ती पदे कित्येक वर्षांनी ऐकली, तेव्हा तिने पदर डोळ्यांना लावला.

येथे हा लेख संपायला हवा होता. माझी खरेदीही तेथेच संपायला हवी होती.

परंतु चांगले मिळाल्यावर 'याहून चांगले' हा शब्द कानात घुमू लागतो. व्हीएम९५ मध्येच शंकूच्या आकाराच्या टोकापासून अतिशय बारीक घडणीच्या टोकापर्यंत सुयांच्या पायऱ्या आहेत. सुईनंतर प्रीअॅम्प्लिफायर, त्यानंतर खालची चटई, मग तारा, मग अख्खे यंत्रच. प्रत्येक पायरीवर उभे राहिले की वरची पायरी अगदी हाताशी दिसते. आणि हे सारे खोटे असते असेही नाही. म्हणूनच मोह कठीण आहे. बारीक घडणीच्या सुईने मला खरोखरच अधिक ऐकू आले. तबकडीच्या बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर वेगाने सरकते, तर मध्याजवळ येईतो तो वेग सुमारे २० सेंटिमीटरवर उतरतो. तेवढ्याच क्षणाचा सूर तेथे कमी जागेत दाटीने कोरलेला असतो. म्हणून शेवटच्या गाण्यात साध्या सुईचा स्वर फाटतो. नव्या सुईने तो फाटणे थांबले. तानपुऱ्याची जवार मोकळी झाली. गायिकेने 'स' उच्चारला की पूर्वी फुत्कार येई, तो गेला. हे सुख खरे होते. त्याची मला लाज वाटत नाही.

लाज वाटते ती पुढच्या गोष्टीची. एका रविवारी दुपारी मी दोन सुयांची तुलना करीत बसलो होतो. एकच ओळ, तीस सेकंद; सुई उचलायची, बदलायची, पुन्हा तीच ओळ. आतल्या खोलीतून आई बाहेर आली, खुर्चीत बसली. मी पुन्हा सुई उचलली. ती म्हणाली, "अरे, एकदा तरी ते गाणं शेवटपर्यंत वाजू दे की." मी म्हणालो, "आई, पाचच मिनिटं थांब. ही बाजू झाली की लावतो." ती बराच वेळ बसली आणि मग उठून आत गेली. ते गाणे त्या दिवशी मी लावलेच नाही. तुलनेचा निकाल मात्र मी वहीत नीट लिहून ठेवला.

पुढे वर्षभरात तिचे कान मंदावले. वय झाले की प्रथम वरचे, बारीक स्वर ऐकू येईनासे होतात. ज्या सुईने मी नेमके तेच स्वर मोठ्या कष्टाने उजळवले होते, ते तिच्यापुरते आता अस्तित्वातच नव्हते. यंत्र तिच्यासाठी आणले होते. त्यात सुधारणा मात्र मी कोणासाठी करीत होतो? प्रश्न विचारल्यावर उत्तर टाळता येईना. मी गाणे ऐकतच नव्हतो; मी माझी निवड ऐकत होतो.

वाचकहो, येथे दोन आक्षेप येतील आणि दोन्ही विचारात घेण्यासारखे आहेत. कोणी म्हणेल, 'एवढ्या पैशांत एखाद्या मुलाची वर्षाची फी भरली असती. मग पहिल्या यंत्राचे तरी समर्थन कसे करता?' हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. घरात संगीताला जागा देणे अनाठायी नव्हे, असे मला वाटते. सौंदर्याची भूक गरिबालाही असते आणि ती भागवणे म्हणजे चैन नव्हे. पण हे उत्तर पहिल्या यंत्रापुरते चालते. चौथ्या सुईच्या वेळी तेच उत्तर पुढे करणे म्हणजे चांगल्या कारणाचा वापर ढालीसारखा करणे होय. प्रत्येक पायरीने आपले समर्थन नव्याने केले पाहिजे. पहिल्या पायरीचे पुण्य पाचव्या पायरीच्या खाती जमा होत नाही.

दुसरा आक्षेप उलट दिशेचा. 'गाणाऱ्याने जन्मभर साधना केली, ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनी जीव ओतला; त्यांची कृती उत्तमात उत्तम रीतीने ऐकणे हा त्यांचा सन्मान नव्हे काय?' आहे, पण सन्मानाचा मोठा वाटा अवधानाचा असतो. तीन मिनिटे दुसरे काही न करता ऐकणाऱ्याने साध्या यंत्रावरही गायकाला अधिक दिलेले असते. शिवाय अवधानाला पैसे पडत नाहीत. यंत्र समपातळीत ठेवणे, भार व कोन जुळवणे, तबकडी व सुई ब्रशने पुसणे, तबकड्या उभ्या ठेवणे, एवढ्याने जितका फरक पडतो तितका पुष्कळदा नव्या खरेदीनेही पडत नाही. ही सेवा न करता नवे विकत घेणारा आपल्या हातांचे काम पाकिटाकडून करवून घेऊ पाहतो.

मग सीमारेषा कोठे? आकड्यात ती मला सापडली नाही. एकाला जे पुरेसे ते दुसऱ्याला कमी पडेल. पण आता काही घेण्यापूर्वी मी स्वतःला तीन प्रश्न विचारतो. जो दोष मला काढायचा आहे तो मला ऐकताना जाणवला, की कोणाच्या तोंडून कळल्यावर जाणवू लागला? गेल्या महिन्यात मी तबकड्या ऐकण्यात अधिक तास घालवले, की यंत्राचा विचार करण्यात? आणि या सुधारणेने माझ्या शेजारी बसणाऱ्याला जागा अधिक होईल, की कमी? पहिल्या दोन प्रश्नांना मी स्वतःला फसवून उत्तर देऊ शकतो, हे मला माहीत आहे. तिसऱ्याला देऊ शकत नाही, कारण शेजारची खुर्ची रिकामी आहे की भरलेली, हे डोळ्यांना दिसते.

आई आता स्पीकरच्या अगदी जवळ बसते. सुई तीच आहे. ती झिजेल तेव्हा तशीच दुसरी आणीन. परवा मी तबकडी लावली. शेवटचे गाणे संपले, सुई मधल्या रिकाम्या खाचेत फिरू लागली, तरी मी उठलो नाही. थोड्या वेळाने आईनेच विचारले, "संपलं का?" मी मान हलवली. "छान झालं," ती म्हणाली, "आता दुसरी बाजू लाव." मी उठलो, तबकडी उलटली आणि पुन्हा तिच्या शेजारी जाऊन बसलो.