आबांचे युद्ध

रायपूरच्या तात्यापाऱ्यात मराठी माणूस नवा नाही. 1741 मध्ये भास्करपंत नागपूरकर भोसल्यांचे सैन्य घेऊन छत्तीसगडात उतरले, पुढे बिंबाजी भोसले रतनपुरास राहिले, आणि त्या फौजफाट्यामागून कितीतरी घराणी इकडे स्थिरावली. त्यांच्या मराठीत छत्तीसगडीचा ‘पारा’ केव्हा मिसळला, हे त्यांनाही सांगता येणार नाही. आमच्या लहानपणी तिथे राहणारे आबा मात्र या घराण्यांपैकी नव्हते. ते माणदेशातले, मराठा लाइट इन्फंट्रीतून इटलीत लढून आलेले, आणि नंतर पोटामागे येऊन एका गोदामावर रखवालदार झालेले. “तुमची बोली घाटावरची,” असे पाऱ्यातील वृद्ध त्यांना म्हणत. आपल्या माणसांतही ते परकेच.

निवृत्तिवेतन त्यांना नव्हते. त्यासाठी पंधरा वर्षांची नोकरी लागे. केवळ महायुद्धापुरते भरती झालेले युद्ध संपताच घरी पाठवले गेले. पंचवीस लाखांच्या त्या फौजेला स्वेच्छेने आलेली फौज म्हणतात. दुष्काळी मुलखातला तरुण भाकरीसाठी भरतीच्या रांगेत उभा राहतो, तेव्हा त्या इच्छेला कितपत स्वेच्छा म्हणावे?

मला छळणारा प्रश्न आणखी निराळा आहे. ज्या साम्राज्याने आपल्याला दास केले, त्याच्याच निशाणाखाली ते लढले. पण समोर उभी होती ती हिटलरची फौज. कृत्याचे मोल धन्याच्या हेतूवरून ठरवायचे की परिणामावरून? हेतू पाहिला तर आबा भाडोत्री ठरतात. परिणाम पाहिला तर युरोपच्या मुक्तीचे वाटेकरी. या दोन्ही उत्तरांत आबा कुठेच नाहीत. एकदा धीर करून त्यांनाच विचारले. म्हणाले, “बाळ, तिथं शेजारचा पडू नये एवढंच बघायचं असतंय.” उत्तर मोठे खरे, पण अपुरे. शेजारच्याला राखायचे म्हणजे समोरच्याला मारायचे, हे त्यांनी उच्चारले नाही. मीही पुढे विचारले नाही, आणि त्या न विचारण्याला मी अद्याप सभ्यता म्हणावे की भ्याडपणा, हे ठरवू शकलेलो नाही.

त्यांच्याच रेजिमेंटचे यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी टायबरच्या खोऱ्यात पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीतील मोंतोने येथे 2023 मध्ये त्यांचे स्मारकही झाले. ते उचितच. परंतु जो पडला नाही, चाळीस वर्षे कंदील घेऊन गोदामाभोवती फिरला, त्याचे काय करायचे?

आबा एका पावसाळ्यात गेले. नोंदीत व्यवसायाच्या रकान्यात ‘मजुरी’ लागले. लिहिणाऱ्याचा दोष नव्हता. सांगणाऱ्या आम्हांलाच ‘सैनिक’ म्हणावे हे सुचले नाही. ट्रंकेत विरलेल्या फितीचा ‘इटली स्टार’ निघाला. कुणीतरी तो त्यांच्या छातीवर ठेवला. तिसऱ्या दिवशी अस्थी वेचताना तो राखेत सापडला, काळवंडलेला, पण शाबूत. राजिमच्या संगमावर तो अस्थींबरोबर सोडावा की जपून ठेवावा, यावर घाटावर बराच वेळ वाद झाला. अखेर आम्ही तो सोडला.