फेल गेलं कोण?

घाटंजीकडच्या शेतकऱ्याच्या बोलण्यात 'फेल' हा शब्द सारखा येतो, पण तो सहसा माणसाला लागत नाही. बोर फेल जाते, बियाणं फेल जातं, फवारा फेल जातो, मोटर फेल जाते. कपाशीला इथे पऱ्हाटी म्हणतात. ती वाळली किंवा बोंडं किडली, तर 'यंदा पऱ्हाटी फेल गेली' एवढंच सांगून माणूस तुरीकडे वळतो. शाळेत मात्र हाच शब्द पोराला चिकटतो. पोरगं फेल 'जात' नाही, फेल 'होतं'. जे गेलं ते हंगामासोबत गेलं, पुढच्या मृगाला वावर पुन्हा कोरं. जे झालं ते मात्र झालं, आणि दहावी नापास हा शेरा पन्नाशीपर्यंत माणसाची ओळख होऊन राहतो.

या दोन वापरांमधलं अंतर दोनेकशे वर्षांत कापलं गेलं आहे. अपयश ही आधी घडणारी गोष्ट होती, पुढे ती माणसाची जात झाली. या प्रवासात कापसाचा हात आहे, म्हणून तो यवतमाळ जिल्ह्यातून पाहणं सोयीचं.

मराठीत मोठं अपयश सांगायची जुनी रीत साल आणि ठिकाण सांगायची आहे. निवडणुकीत पक्षाचा धुव्वा उडाला की आजही आपण त्याचं 'पानिपत झालं' म्हणतो. 1761 साली जे बुडालं ते एका माणसाच्या नावावर न टाकता भाषेनं गावाच्या नावावर टाकलं. दुष्काळांचंही तसंच. विक्रम संवत 1956 चा, म्हणजे 1899-1900 चा दुष्काळ 'छप्पन्नचा' म्हणून, आणि पुढचा, इसवी सन 1972 चा, 'बाहत्तरचा' म्हणून लोकांच्या तोंडी राहिला. अर्थात जुना काळ फार उदार होता असं समजायला नको. नवी सून आली त्या वर्षी पीक बुडालं तर ती 'पांढऱ्या पायाची' ठरायची, आणि ज्याचा धंदा बसला तो 'करंटा'. दोष माणसावर ढकलायची खोड जुनीच आहे. फरक एवढाच की हे शेरे पारावर मारले जात आणि गाव सोडलं की मागे राहत. त्यांची कुणी वही ठेवत नव्हतं.

ती वही अमेरिकेत उघडली गेली. 1837 साली तिथे मोठी मंदी आली. कापसाचे पडलेले भाव हे तिच्या कारणांपैकी एक होतं. न्यूयॉर्कमधली टॅपन बंधूंची रेशमाची पेढीही तेव्हा अडचणीत आली. त्यातल्या लुईस टॅपन यांनी 1841 मध्ये 'मर्कंटाइल एजन्सी' काढली. गावोगावच्या वार्ताहरांकडून व्यापाऱ्यांची माहिती जमवायची, वह्यांत नोंदवायची आणि उधारीवर माल देणाऱ्यांना पैसे घेऊन पुरवायची, हा तिचा व्यवहार. स्कॉट सँडेज या अमेरिकन इतिहासकारानं 2005 मध्ये 'बॉर्न लूझर्स' या पुस्तकात या वह्यांचा माग काढला आहे. त्याचं म्हणणं असं की, त्या आधी 'फेल्युअर' म्हणजे धंद्यात बसलेला फटका, एक घटना. वह्या भरू लागल्या तशी ती माणसाची ओळख होऊ लागली. उधारी किती फिटली याच्या जोडीला वार्ताहर माणसाची दानत, सवयी, घरची स्थितीही लिहून पाठवत. घटना जुनी होते. वहीतलं वाक्य मात्र उघडावं तेव्हा ताजंच असतं.

कापसानं आपल्याकडे हेच वळण वेगळ्या वाटेनं आणलं. 1853 साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. मुंबईत पैशाचा पाऊस पडला. त्या तेजीचा राजा प्रेमचंद रायचंद. यादवी संपली, भाव कोसळले, 1865 मध्ये सौद्यांचे फुगे फुटले आणि प्रेमचंद यांच्यासकट बडेबडे बुडाले. त्याआधीच त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालय आणि मनोऱ्यासाठी मोठी देणगी दिली होती. 1878 मध्ये तो मनोरा पुरा झाला, आणि त्याला त्यांच्या आईचं नाव मिळालं: राजाबाई टॉवर. बुडालेल्या व्यापाऱ्याचं बुडणं लोक विसरले, आईच्या नावाचा मनोरा राहिला. प्रेमचंद पुन्हा सावरलेही आणि 1906 पर्यंत जगले.

ज्या विद्यापीठाच्या आवारात हा मनोरा उभा आहे, त्यानं मात्र न विसरणारी एक व्यवस्था सुरू केली होती. 1857 मध्ये स्थापना, 1859 मध्ये पहिली मॅट्रिक. 1862 च्या पहिल्या बी.ए.च्या तुकडीतून महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासह चौघे बाहेर पडले. त्याआधी आपल्याकडे शिकणं होतं, वादात हरणं होतं, गुरूनं हाकलून देणं होतं. पण हजारो पोरांनी एकाच दिवशी एकाच प्रश्नपत्रिकेला बसायचं आणि एका आकड्याखाली सगळ्यांनी सारखंच 'नापास' व्हायचं, हा प्रकार नवा होता. सरकारी नोकरीचं दार मॅट्रिकच्या दाखल्यानं उघडायचं, म्हणून त्या आकड्याला वजन आलं. इतकं की 'नॉनमॅट्रिक' आणि 'बी.ए. फेल' या पदव्याच होऊन बसल्या. काठावर हुकलेला आणि कधी शाळेत न गेलेला यांत समाज फरक करत असे, तरी दोघांनाही ओळखायचं ते जे जमलं नाही त्यावरून.

जोतीराव फुल्यांना यातली गोम लवकर दिसली. 1882 मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी मांडलं की सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि खर्च होतो तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. म्हणजे परीक्षेचा मांडव शेतकऱ्याच्या पैशानं उभा, आणि त्याच्या पोराला मांडवाच्या दारापर्यंतही पोचता येत नाही. त्याच सुमारास लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये त्यांनी शेतकऱ्याच्या दैन्याची कारणं त्याच्या कपाळावर शोधली नाहीत. ती त्यांनी सारा, कचेऱ्या, भटशाही आणि सावकारी यांत शोधली. शंभर वर्षांनी शरद जोशींनी शेतमालाच्या भावाच्या धोरणावर बोट ठेवलं, ते याच वाटेवरचं पुढचं पाऊल. 'फेल गेलं कोण' हा प्रश्न फिरवून विचारायची मराठी परंपरा इथून सुरू होते.

गंमत अशी की, ज्या महसूल खात्यावर फुल्यांनी आसूड ओढला, त्याच खात्यात अपयश मोजायची एक बरीच शहाणी पद्धत रुजली. ती म्हणजे आणेवारी. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक. त्याच्या तुलनेत यंदा किती आलं, ते आण्यांत सांगायचं. 1957 मध्ये दशमान नाणी आली आणि आणेवारीची पैसेवारी झाली. गावच्या समितीनं शिवारात ठरावीक मापाचे तुकडे कापून उत्पन्न मोजायचं. आधी नजरअंदाज, मग सुधारित आणि डिसेंबरअखेर अंतिम आकडा. 50 पैशांच्या खाली गाव गेलं की सवलती लागू होतात: जमीन महसुलात सूट, कर्जाचं पुनर्गठन, वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या वीजबिलात साडेतेहतीस टक्के सूट, आणि विद्यार्थ्यांची परीक्षा फी माफ. ही शेवटची सवलत मला नेहमी विचारात पाडते. वावर नापास झालं तर पोराला परीक्षेला बसायला पैसे पडत नाहीत. दोन्ही 'नापास' एकाच सरकारी कागदावर भेटतात, आणि एक दुसऱ्याला हात देतो.

पैसेवारीवर टीका पुष्कळ झाली आणि ती रास्त आहे. 48 आणि 52 यांतला फरक कधी पिकाचा असतो, कधी दबावाचा. केंद्राच्या 2016 च्या दुष्काळ संहितेनंतर पाऊस, उपग्रहानं टिपलेली हिरवळ आणि जमिनीतला ओलावा यांवर दुष्काळ ठरू लागला. तरी पैसेवारीच्या पोटात एक विचार आहे, तो सोडण्यासारखा नाही. ती गुण देते ते हंगामाला आणि गावाला, शेतकऱ्याला नाही. शिवाय दर साली नव्यानं देते. गेल्या वर्षीचे 42 पैसे यंदाच्या गुणपत्रिकेवर उतरत नाहीत.

दोष कुणाचा हा वाद एरवी किती टोकाला जातो, ते बीटी कापसानं दाखवलं. 2002 मध्ये त्याला परवानगी मिळाली आणि काही वर्षांत जिल्हाभर दुसरं बियाणं दिसेना. 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं बोंडं पोखरली. शेतकरी म्हणाले, बीटी फेल गेली. बियाण्याच्या धंद्यातून उत्तर आलं की पाकिटासोबत दिलेलं बिगरबीटी बियाणं धुऱ्याच्या कडेनं लावायचं होतं. ते लावलं नाही, म्हणून अळीत प्रतिकारशक्ती आली. शास्त्र म्हणून यात तथ्य आहे. पण पाच एकर कोरडवाहूतल्या माणसानं मुद्दाम अळीला खायला काही तासं सोडावीत, ही अपेक्षा कागदावर जितकी सोपी तितकीच वावरात अवघड. एका वाक्यात बियाण्याचं अपयश शेतकऱ्याचं झालं.

याहून कठोर परीक्षा मेल्यावर होते. 19 मार्च 1986 रोजी यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी कुटुंबासह जीवन संपवलं. शेतकरी आत्महत्यांची जाहीर चर्चा त्या घटनेपासून सुरू झाली असं मानतात. 2006 पासून राज्य सरकार अशा घरांना 1 लाख रुपयांची मदत देतं, पण चौकशीनंतर. नापिकी, कर्ज, वसुलीचा तगादा हे निकष. जिल्हा समितीपुढे प्रकरण जातं आणि त्यावर शेरा बसतो: 'पात्र' किंवा 'अपात्र'. सातबारा मेलेल्याच्या नावावर नसेल, कर्ज परवाना नसलेल्या सावकाराचं असेल, तर दुःख खरं असूनही प्रकरण नापास. सरकारी पैशाला निकष लागणारच, हे मान्य. पण विधवेच्या हाती पडणाऱ्या कागदावरचा शब्द दहावीच्या निकालाच्या भाषेतला असावा, हे फार बोलकं आहे.

दहावीच्या निकालाची भाषा मात्र दरम्यान मऊ झाली. शिक्षण हक्क कायद्यानं 2010 पासून आठवीपर्यंत नापास करणं थांबवलं. तो नियम पुढे सैल झाला, पण एक पिढी त्याखाली शिकली. ऑक्टोबरच्या परीक्षेत वर्ष जायचं, त्याऐवजी 2015 पासून जुलैत फेरपरीक्षा आली. गुणपत्रिकेवर 'अनुत्तीर्ण'च्या जागी 'कौशल्य विकासास पात्र' असे शेरे आले. हसणारे हसले. मला मात्र त्यातली जुलैची परीक्षा महत्त्वाची वाटते, शेरा नाही. नाव बदलून अपयश हलकं होत नाही. पुढची संधी जवळ आणली की होतं.

शहरात हल्ली अपयशाचे सोहळे होतात. 'लवकर फेल व्हा, शिका, पुन्हा उभे राहा,' असं नवउद्योजकांना सांगतात. सल्ला खोटा नाही, पण त्याला भांडवल लागतं. मृगानंतर पावसानं ओढ दिली आणि सरकी जळाली, तर दुबार पेरणीसाठी नऊशे रुपयांच्या घरातलं प्रत्येक पाकीट पुन्हा घ्यावं लागतं, मजुरी वेगळी. विहिरीला पाणी नसेल तर रब्बी नाही. म्हणजे वर्षाला एकच पेपर, जुलैची सोय नाही. आयुष्यात जेमतेम वीस हंगाम हातात असलेल्या माणसाला लवकर फेल होणं परवडेल का?

आणि आता टॅपनची वही घाटंजीत पोचली आहे. तिचं नाव सिबिल. 2000 साली कर्जदारांची पत नोंदवणारी ही संस्था निघाली, आणि तिचा 300 ते 900 मधला आकडा आता जून महिन्यात बँकेच्या टेबलावर पीककर्जाआधी येतो. पूर्वी मार्चअखेर सोसायटीत 'नवं-जुनं' करून, म्हणजे जुनं कर्ज फेडून लगेच नवं उचलून, माणूस पुढे सरकायचा. आता एकदा थकलं की 'सिबिल खराब' होतं. तडजोड करून कर्ज मिटवलं तरी नोंदीवर तडजोडीचा शिक्का राहतो. पीककर्जाला सिबिलची अट लावू नका असं राज्य सरकारनं बँकांना वेळोवेळी बजावलं आहे. वारंवार बजावावं लागतं यातच सगळं आलं. 'बोर फेल गेली' म्हणणाऱ्याच्या तोंडी प्रथमच 'माझं सिबिल फेल आहे' हे वाक्य येऊ लागलं आहे. त्यात 'गेलं' नाही, 'आहे' आहे.

बँकेनं परतफेडीची नोंद ठेवू नये असं कुणी म्हणणार नाही. ठेवीदारांचा पैसा आहे, आणि मुद्दाम बुडवणारेही आहेत. पण नोंद अर्धी आहे. हप्ता चुकला हे ती सांगते, कशानं चुकला हे सांगत नाही. 2016 च्या दिवाळखोरी संहितेत बुडालेल्या कंपनीची देणी कापायची आणि ठरल्या मुदतीत प्रकरण निकाली काढायची सोय आहे. कंपनीच्या अपयशाला सुरुवात आणि शेवट दोन्ही असतात. शेतकऱ्याच्या अपयशाला फक्त सुरुवात.

उरलेली अर्धी नोंद सरकारच्याच दफ्तरात पडून आहे. थकीत पीककर्जाच्या प्रत्येक नोंदीपुढे त्या वर्षीची त्या गावाची पैसेवारी लिहावी, आणि ती 50 च्या खाली असेल तर ती थकबाकी माणसाच्या आकड्यात धरू नये. रकाना एकच वाढेल. मग गाव पिकलं असताना बुडवणारा आणि गावाबरोबर बुडालेला, हे दोघं निदान कागदावर तरी वेगळे दिसू लागतील.