‘सुखरूप’ कोणी म्हणायचं?

‘बाळ-बाळंतीण सुखरूप’ असा मेसेज फॅमिली ग्रुपवर येतो, आपण हार्ट टाकतो आणि विषय संपतो. मी सॉफ्टवेअरवाला, आमच्याकडे आउटपुट बरोबर आलं की टेस्ट पास. माणसाचं तसं असतं का?

माझ्या ताईची डिलिव्हरी नॉर्मल झाली, रिपोर्ट उत्तम आले. पण न विचारता झालेली आतली तपासणी आणि ‘ओरडू नकोस’ ही दटावणी आठवून ती दोन वर्षांनंतरही रात्री दचकून उठते. शेवट गोड झाला म्हणून मधलं सगळं माफ होतं?

मला नाही वाटत. कळा सोसाव्या लागतात, अपमान सोसावा लागू नये. प्रशिक्षित सुईण नेमका हा फरक जपू शकते. हात लावण्याआधी विचारायचं, पुढे काय होणार ते सांगायचं, बाईला हवं ते माणूस जवळ राहू द्यायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींतही हे आहे. भारत सरकारनेही त्याच वर्षी मिडवाइफरी सेवेसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या.

घाईत सिझेरियन करावं लागलं तरी ‘का’ हे दोन वाक्यांत सांगता येतं. नंतर ‘बाळ छान आहे ना, मग विसर’ न म्हणता तिचं ऐकून घेता येतं. त्रास टिकला तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवता येतं.

एका नर्सवर अनेक खाटांचा भार असेल तर हे अवघड आहे, मान्य. मग माणसं वाढवा. त्याची किंमत बाळंतिणीने का मोजावी?

‘सुखरूप’ आहे की नाही, हे आधी तिला विचारू.