भूमीचे मर्म



अथर्ववेदाच्या बाराव्या कांडात भूमिसूक्त आहे. त्याच्या ६३ मंत्रांपैकी एका मंत्रात ऋषी खणण्याच्या कर्माविषयी भूमातेची प्रार्थना करतो. मी जे खणीन ते सत्वर भरून येवो, आणि तुझ्या मर्मावर वा हृदयावर माझा घाव न पडो, असा तिचा आशय आहे. ऋषीने खणणे निषिद्ध म्हटलेले नाही, हे ध्यानी घ्यावे. कंद, औषधी, विहिरीचे पाणी, सारे खणूनच प्राप्त होते. त्याने दोन अटी मात्र घातल्या. त्या आपल्या मनावरच्या भूमीला लावून पाहू.

मान नदीच्या या परिसरात चुनखडीचे थर आहेत, म्हणूनच येथे सिमेंटचा उद्योग आला. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी नर्मदेच्या खोऱ्यात समुद्र शिरला होता. त्यातील जीवांची कवचे तळाशी साचत गेली आणि त्यांचाच पुढे पाषाण झाला. भट्टीत शुद्ध चुनखडीचे १०० किलो भाजले, तर त्यातील ४४ किलो वायू होऊन आकाशात जातात. तेव्हा ऋषीची पहिली अट, सत्वर भरून येण्याची, येथे पुरी होणे शक्यच नाही. आपली घरे आणि देवालयेही याच सिमेंटाची आहेत; म्हणून खाणीवाल्याला शिव्याशाप देऊन आपली सुटका होत नाही.

आता मर्माचा विचार. चुनखडीच्या भेगांत व पोकळ्यांत पावसाचे पाणी मुरून राहते. खाण त्या जलस्तराखाली उतरली, म्हणजे खड्ड्यात पाझरणारे पाणी अहोरात्र उपसावे लागते. मग भोवतालच्या विहिरींची पातळी खाली ओढली जाते. वरची सुपीक माती वेगळी राखली नाही, तर ती दगडगोट्यांत मिसळून कायमची जाते. सुरुंगांची धूळ पानांवर बसते आणि पीक खुरटते. भूमीचे मर्म शोधावयाचे तर ते पाण्यातच सापडेल, असे मला वाटते.

नर्मदेतील वाळूचेही तसेच. वाळूचा थर पाणी गाळतो व साठवितो; कासवे वाळूतच अंडी घालतात. महसीर मासा मध्य प्रदेशाने २०११ साली राज्यमत्स्य म्हणून गौरविला, पण त्याला वीण घालण्यास वाहते, स्वच्छ पाणी आणि खडीचा तळ हवा. नर्मदेचा कंकर तो शंकर म्हणावयाचे आणि तेच कंकर रात्री ट्रॉलीत भरू द्यावयाचे, ही भक्ती मोठी विलक्षण होय!

याच जिल्ह्यातील पाडल्या गावाची कथा आपण ऐकली असेल. तेथील लोक शेतात मिळालेले वाटोळे पाषाण काकर भैरव म्हणून पूजीत. काकर म्हणजे शेत. शेताचा आणि गुराढोरांचा तो राखणदार. डिसेंबर २०२३ मध्ये वृत्तपत्रांत आले की, ती डायनोसॉरची अश्मीभूत अंडी आहेत. त्याच वर्षी बाग-कुक्षीकडील ९२ घरटी व २५६ अंडी यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. ज्ञानी जनांनी येथे हसू नये. त्या शेतकऱ्याला शास्त्र ठाऊक नव्हते. तरी शेंदूर लावलेला दगड त्याने फोडला नाही, आणि कोट्यवधी वर्षांचा ठेवा त्यामुळे राहिला.

मनावर तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो. १९९६ च्या पेसा कायद्यान्वये अशा क्षेत्रात वाळूसारख्या गौण खनिजाचा पट्टा देण्यापूर्वी ग्रामसभेची अथवा योग्य स्तरावरील पंचायतीची शिफारस घ्यावी लागते. चुनखडीच्या मोठ्या खाणींसाठी पर्यावरणविषयक जनसुनावणी होते. पुढील सूचना लागेल तेव्हा प्रत्येक घरातील एकाने तरी तेथे जावे आणि विचारावे: जलस्तर किती हातांवर आहे, खाण कोठवर उतरणार, उपसलेले पाणी कोणाच्या शेतात जाणार, आणि वरची माती कोठे राखून ठेवणार? उत्तरे लेखी मागावीत.