मायेची नोंद

'शुश्रूषा' हा शब्द आपण सेवा या अर्थाने सहज वापरतो. पण संस्कृतात त्याचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा असा आहे. 'श्रु' म्हणजे ऐकणे, त्याचे हे इच्छा दाखवणारे रूप. ज्याची सेवा करावयाची त्याचे आधी ऐकून घ्यावे, असे हा अर्थ पालटताना कोणाच्या मनात होते की नाही, देव जाणे. मला मात्र हा शब्द फार शहाणा वाटतो.

चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाच्या अंगी उपचारांचे ज्ञान, हाताचे कसब, रोग्याविषयी अनुराग आणि शुचिता असावी, असेही तेथे म्हटले आहे. ज्ञान शिकवता येते, कसब सरावाने येते. अनुरागाचे काय करावयाचे?

गेल्या शतकात परिचर्याशास्त्राने या प्रश्नाला वेगळ्याच बाजूने हात घातला. अमेरिकेत लिडिया हॉल यांनी १९५५ मध्ये शुश्रूषा ही एक प्रक्रिया आहे असे मांडले; आयडा जीन ऑर्लँडो यांचे १९६१ सालचे पुस्तक परिचारिका आणि रोगी यांच्या नात्यावरच आहे. रोग्याची नीट पाहणी करावी, त्याची अडचण कोणती ते ठरवावे, उपाय योजावा, तो करावा, आणि गुण आला की नाही ते पुन्हा पाहावे. आणि हे सारे लिहून ठेवावे. आपल्याकडच्या नर्सिंगच्या विद्यार्थिनीही आज हेच शिकतात. आमच्या एका स्नेह्यांना हे मुळीच पटत नाही. "मायेला कसला आलाय तक्ता?" असे ते विचारतात. आजीने रात्रभर कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या त्या कोणत्या रकान्यात मांडल्या होत्या, हा त्यांचा सवाल. सवाल अगदीच टाकाऊ नाही.

२०२३ च्या पावसाळ्यात माझी आत्या खुब्याचे हाड मोडून जालन्यातल्या एका इस्पितळात होती. अंबड तालुक्यातली, जन्म शेतात गेलेला, तक्रार करणे ठाऊक नाही. डॉक्टरांच्या कागदावर मोडलेले हाड होते, आणि त्याची व्यवस्था उत्तम चालली होती. पण दिवसपाळीच्या सिस्टरला दिसले की सकाळी भरून ठेवलेला पाण्याचा तांब्या संध्याकाळी तसाच आहे, आणि आजीची जीभ कोरडी आहे. मी शेजारी बसलो होतो. मला तांब्या हा तांब्याच दिसत होता. तिने खाटेवर टेकून हळूच विचारले, "आजी, पाणी का पीत नाही?" आत्या आधी काही बोलेना. मग म्हणाली, "पानी पिलं की भांडं मागावं लागतंय, माय. परक्या बाप्यांत किती बार मागू?"

हाड मोडणे हा डॉक्टरांचा आजार. हा सिस्टरने शोधलेला. पहिला फोटोत दिसतो, दुसरा विचारल्यावाचून कळत नाही. मी निमूटपणे बाहेर व्हरांड्यात गेलो. तिने आत्यासाठी काही ठरवले आणि लिहिले. पुढे तो कागद मी पाहिला. एका आजीची लाज सरकारी शाईने लिहून ठेवायची, दहाजणांनी वाचायची, हा काय न्याय, अशी धास्ती मला होती. पण 'लाजते' हा शब्दच तेथे नव्हता. दर दोन तासांनी आपण होऊन भांडे विचारावे, आधी पडदा ओढावा, पुरुष नातलगांना बाहेर पाठवावे, मग पाणी द्यावे, आणि सकाळी तांब्या पाहावा, एवढेच होते. लाज आत्यापाशीच राहिली; कागदावर तिचे औषध तेवढे गेले.

आमच्या स्नेह्यांचे येथे चुकते असे मला वाटते. आजी एक होती, नातू एक होता, आणि रात्र संपेपर्यंत आजी उठून जात नव्हती. इस्पितळात पाळी बदलते. जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यांत काम केलेल्या कोणालाही विचारा; भट्टीची अवस्था पुढच्या गड्याला सांगितल्यावाचून पाळी सोडून चालत नाही. दिवसपाळीच्या सिस्टरचा अनुराग तिच्याबरोबर घरी जाणार. रात्रीच्या सिस्टरने आत्याला कधी पाहिलेलेही नाही. तिच्या हाती तो पोहोचवायचा तर कागदावाचून दुसरी वाट कोणती?

अर्थात कागद खोटेही बोलतो. दुसऱ्या एका ठिकाणी, रोग्याला कोणी हात लावण्याआधीच सहा वाजताचा ताप तक्त्यात भरलेला मी पाहिला आहे. जे लिहिले नाही ते केलेच नाही, असे या व्यवसायात शिकवतात. त्यातून जे लिहिले ते झालेच, असा उलटा अर्थ काढायला आळशी माणसाला वेळ लागत नाही. पण खोट्या हिशेबामुळे कोणी हिशेब सोडत नाही. आपल्याच जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यातल्या जांबेत, १६०८ साली जन्मलेल्या समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला दिला. मोक्षाच्या ग्रंथात अक्षर, शाई, कागद कशाला, असे त्यांना वाटले नाही. (आमच्या सिस्टरचे अक्षर त्यांना आवडले नसते, हे मात्र कबूल केले पाहिजे.)

मला छळणारा प्रश्न निराळाच आहे. सिस्टरांनी नोंदी ठेवाव्यात असा हुकूम सुटतो. कधी ठेवाव्यात ते कोणी सांगत नाही. रात्री अख्ख्या वॉर्डाला एकटी सिस्टर असली, एकीकडे सलाईन संपते, दुसरीकडे नातलग भांडतात, तेव्हा ती ऐकणार कोणाचे आणि लिहिणार काय? घाईत दोहोंपैकी एकच साधेल, तर तिने रोग्याकडे पाहावे, हे मी बिनदिक्कत म्हणेन. परंतु ही निवड तिच्यावर लादणारे आपण कोण, हेही विचारले पाहिजे. आत्याच्या भांड्याविषयीच्या त्या ओळी त्या मुलीने पाळी संपल्यावर, अंबडची एस.टी. गाठायच्या घाईत, खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून उभ्या उभ्याच लिहिल्या होत्या.