पिछाडीचें मोल

माघार घेणाऱ्या सैन्याची पाठ राखण्यासाठीं जीं थोडीं माणसें मागें ठेवलीं जातात, त्यांच्या मरणाचें मोल कशावरून ठरवावें? त्यांच्या निश्चयावरून, कीं त्यामुळें खरोखर वांचलेल्या प्राणांच्या संख्येवरून? १९४० च्या मे महिन्यांत कॅले येथें झालेला लढा या प्रश्नाची कसोटी पाहणारा आहे.

फ्रान्सच्या किनाऱ्यावरील या बंदरांत ब्रिगेडियर निकल्सन यांच्या हाताखालीं इंग्रज व फ्रेंच मिळून सुमारें ४,००० सैनिक होते. समोर जर्मनांची दहावी रणगाडा डिव्हिजन होती. इंग्रज तुकड्यांस समुद्रमार्गें परत नेण्याचें प्रथम तत्त्वतः ठरलें होतें. पुढें लंडनहून हुकूम आला, कीं माघार नाहीं, शेवटपर्यंत लढावें. हुकूम देणाऱ्यांत युद्धमंत्री ईडन होते. आणि पहिल्या महायुद्धांत ते स्वतः ज्या रेजिमेंटमध्यें होते, तिचीच एक पलटण कॅलेंत लढत होती. शरणागतीची मागणी निकल्सन यांनीं धुडकावली. २६ मे रोजीं कॅले पडलें. निकल्सन १९४३ सालीं कैदेंतच वारले. कॅले पडलें त्याच संध्याकाळीं किनाऱ्यानें पूर्वेस असलेल्या डंकर्कहून सैन्य हलविण्यास आरंभ झाला, आणि ४ जूनपर्यंत ३,३८,२२६ सैनिक इंग्लंडास पोहोंचले.

कॅलेनेंच डंकर्क वांचविलें, असें चर्चिल यांचें मत. जर्मन सेनापति गुडेरियन यांनीं मागाहून लिहिलें, कीं कॅलेच्या प्रतिकाराचा डंकर्कवरील हालचालींवर कांहींहि परिणाम झाला नाहीं. समजा, गुडेरियन यांचेंच म्हणणें खरें. मग कॅलेचे शिपाई व्यर्थ मेले काय?

येथें कोणी गीतेंतील फलत्यागाचा दाखला देईल, आणि शिपायापुरता तो यथार्थ आहे. ज्ञात परिस्थितींत त्यानें आपलें कर्तव्य केलें. इतिहासकाराचा मागाहूनचा हिशेब त्यांतून तिळमात्र वजा करूं शकत नाहीं. परंतु तोच दाखला हुकूम देणाऱ्यास लागू पडत नाहीं. फलाची आशा ज्याची त्यानें सोडावयाची असते. दुसऱ्याचे प्राण पणास लावून 'मीं फलत्याग केला' असें कोणासहि म्हणतां यावयाचें नाहीं. त्यानें फलाचा विचार केलाच पाहिजे, आणि तो चुकल्यास त्या चुकीचें ओझें वाहिलें पाहिजे. तो निर्णय घेतल्यानंतर जेवणाच्या मेजावर आपणांस मळमळूं लागलें, असें चर्चिल यांनीं लिहून ठेविलें आहे. त्या ओझ्याची जाणीव त्यांस होती, एवढें यावरून दिसतें.

युद्ध जिंकल्यावर आपण बहुधा याच्या उलट वागतों. शिपायाची थोरवी यशाच्या मापानें मोजतों, आणि त्यास मरणाच्या तोंडीं देणाऱ्यास कर्तव्याच्या नांवावर मोकळें सोडतों.