ब्लॅकसुद्धा एक सोर्सच असतो

राउटर म्हटलं की घरातला वायफायचा डबा आठवतो. टीव्ही चॅनेलमधला राउटर वेगळा. कॅमेरे, ओबी व्हॅन, उपग्रहावरून येणारी फीड, ग्राफिक्स हे त्याचे सोर्स. मॉनिटर, रेकॉर्डर, थेट प्रक्षेपणाकडे जाणारी लाइन ही डेस्टिनेशन्स. दोन्ही बाजूंना ७२ असतील, तर ५,१८४ जोड्या शक्य. राउटर फक्त जोड्या सांभाळतो. चित्रात काय चाललंय, हे त्याला कळत नाही.

अशा राउटरना आज्ञा देणारं सॉफ्टवेअर लिहिणं, त्याचं कॉन्फिगरेशन करणं हे माझं काम. त्यात एक साधा नियम आहे. एक सोर्स कितीही ठिकाणी पाठवता येतो, पण एका डेस्टिनेशनला एका वेळी एकच सोर्स मिळतो. आधी 'कुठे' ते निवडायचं, मग 'काय'. आणि 'काहीच नको' असा पर्याय सहसा नसतोच. पडदा काळा हवा असेल, तर काळं चित्र देणारं उपकरण एखाद्या इनपुटला जोडायचं, त्याला 'ब्लॅक' असं लेबल द्यायचं आणि तो सोर्स निवडायचा. न दाखवणं हीही दाखवण्याइतकीच मुद्दाम केलेली कृती.

१२ जून २०२१. कोपनहेगनला युरो स्पर्धेतला डेन्मार्क-फिनलंड सामना. पूर्वार्ध संपत आला होता आणि ख्रिस्तियन एरिक्सन मैदानावर कोसळला. त्याचं हृदय बंद पडलं होतं. आत काही दिसू नये म्हणून सहकाऱ्यांनी त्याच्याभोवती कडं केलं. तरीही उपचारांची धावपळ आणि मैदानात आलेल्या त्याच्या जोडीदाराचा चेहरा जगभरच्या घरांत पोहोचला. (एरिक्सन वाचला, पुढच्या वर्षी पुन्हा खेळायलाही लागला.) बीबीसीने प्रेक्षकांची माफी मागितली. मैदानातली चित्रं यजमान प्रसारक म्हणून युएफाच्या नियंत्रणात होती आणि आपण शक्य तितक्या लवकर प्रक्षेपण थांबवलं, असंही सांगितलं.

यातलं पहिलं वाक्य खरंच आहे. कुठला कॅमेरा, किती जवळून, हे लंडनमधून ठरत नव्हतं. पण लंडनहून घरांकडे जाणाऱ्या लाइनवर कुठला सोर्स असावा, हे तिथेच ठरत होतं. 'चित्र आमचं नव्हतं' हे अर्धंच उत्तर आहे. अपघाताचा व्हिडिओ ग्रुपवर टाकून 'मी फक्त फॉरवर्ड केला' म्हणणारा आपला मित्र नेमकं हेच म्हणत असतो.

मग लगेच ब्लॅक करायचं? मला तसं वाटत नाही. अचानक पडदा काळा झाला, तर बघणारा सर्वांत वाईट तेच धरून चालतो. स्टेडियमचा लांबचा शॉट, किंवा स्टुडिओत शांतपणे बोलणारा माणूस, हे मला जास्त माणुसकीचं वाटतं. बहुतेक राउटरवर चित्र आणि आवाज वेगवेगळ्या सोर्समधून घेता येतात. त्याला ब्रेकअवे म्हणतात. चित्र लांबचं, आवाज समालोचकाचा, असंही जमतं. सोर्स बदलायला एका फ्रेमइतका, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर ४० मिलिसेकंद इतकाच वेळ पुरतो. वेळ लागतो तो माणसाला. आणि माणूस विचार करतोय तोवर यंत्र थांबत नाही, चालू आहे तेच चालू ठेवतं. गोंधळलेल्या माणसाच्या वतीनेही राउटर रोज निर्णय घेत असतो.

निवड न करणं हीसुद्धा निवडच, असं सार्त्र म्हणतो. मान्य. पण सार्त्रसमोर १६ बटणांचं पॅनेल नव्हतं. ऑपरेटर निवडतो ते पॅनेलवर असलेल्या बटणांमधूनच, आणि कुठल्या बटणावर कुठला सोर्स, हे कित्येक महिने आधी माझ्यासारख्या कुणीतरी एसी खोलीत बसून ठरवलेलं असतं. ऑन-एअर लाइनला लॉक घातलेलं असतं. चुकून कुणाचा हात लागू नये म्हणून ते हवंच. पण ते उघडण्याची परवानगी फक्त रात्री घरी गेलेल्या सुपरवायझरला दिलेली असेल, तर शिफ्टवरच्या पोराला पाठ थोपटून 'तुझी जबाबदारी' म्हणणं खोटेपणाचं आहे. त्याला दोष द्यायच्या आधी त्याचं पॅनेल बघावं.

म्हणून पॅनेलची यादी आली की मी दोन गोष्टी विचारते: लांबचा शॉट किंवा स्टुडिओ यांपैकी एक तरी सोर्स या माणसाच्या हाताशी आहे का, आणि लॉक त्याला स्वतः उघडता येतं का. बहुतेक वेळा समोरून उत्तर येतं की जागा नाही, सोळाही बटणं कॅमेऱ्यांना लागणार आहेत. मग कुठला कॅमेरा काढायचा, यावर आमची अर्धा तास वादावादी होते.